घरच्यांची सही

"कोणाला शिकवलंस?" असं विचारायचं आणि उजव्या हाताचा तळवा कानामागे धरून उत्तराची वाट बघायची, ही आमच्या फ्रेंचच्या मॅडमची सवय. वाट बघायची म्हणजे खरंच बघायची. मूल गडबडलं, खाली बघू लागलं, शेजाऱ्याला कोपर मारू लागलं, तरी तो तळवा कानामागून हलायचा नाही. पाठ झालं का, लिहून आणलंस का, हे प्रश्न मी तीस वर्षांच्या नोकरीत हजारदा विचारले असतील. "कोणाला शिकवलंस?" हा प्रश्न मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला आणि ऐकताक्षणीच मला तो संशयास्पद वाटला.

संशय घेणं हे माझं कामच होतं म्हणा. नागापूरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवायचो आणि पर्यवेक्षकही होतो. पर्यवेक्षक म्हणजे हेडमास्तरांच्या खालचा आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावरचा माणूस. तासाला उशिरा कोण गेलं, खडूचे तुकडे कोणी फेकले, वह्या तपासल्या की नुसत्याच बरोबरच्या खुणा केल्या, हे सगळं बघून लॉगबुकात लिहायचं. शाळेच्या वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडेच. तुम्ही कुठल्याही शाळेत शिकला असाल तरी व्हरांड्यातून हात मागे बांधून फिरणारा असा एक माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याला बघून तुम्ही उगाच वही उघडली असेल.

एका वर्षी आमच्या संस्थेला वाटलं, शहरातल्या चकचकीत शाळांत फ्रेंच शिकवतात, मग आपण का मागे राहायचं? आठवीपासून संस्कृतच्या जोडीला फ्रेंच सुरू झालं. संस्कृतला कोण बसणार ते मी सातवीचे गुण बघून ठरवत असे. चांगले गुण असलेली मुलं मी घेतली आणि उरलेली बत्तीस फ्रेंचला दिली. त्यातली अकरा वसतिगृहातली. बहुतेक पाथर्डीकडची, दसरा झाला की ज्यांचे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात, ती मुलं. ती कधी कुठल्या यादीत वर नसायची, त्यामुळे कुठे टाकली तरी कोणी तक्रार करायचं नाही.

"वर्षभराचीच नेमणूक आहे त्यांची," हेडमास्तर मला म्हणाले. "मार्चमध्ये तुमचा अहवाल बघून संस्था ठरवेल. ठीक वाटलं तर मॅडम राहतील, नाहीतर फ्रेंच बंद. तेव्हा जरा लक्ष असू द्या."

लक्ष असू द्या, हे मला सांगायची गरज नव्हती.

मॅडम आल्या त्या स्कूटीवरून, खांद्याला कापडी पिशवी लावून. वय तिशीच्या आत. वडील नागापुरातल्याच एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले. शिक्षण पुण्याला, नंतर दोन वर्षं तिथल्याच एका कंपनीत भाषांतराचं काम, आणि आईच्या आजारपणामुळे परत नगरला. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. "बरं, बरं," असं म्हणून विचारणारा चहाकडे वळला आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं. लेथवाल्याची मुलगी, त्यात हे आडनाव, आणि म्हणे फ्रेंच! संस्कृतच्या एखाद्या नवीन शिक्षकाबद्दल माझ्या मनात असली पाल कधी चुकचुकली नव्हती. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, आणि व्यक्तिचित्र लिहायचं तर आपलंही थोडं तोंड दाखवलं पाहिजे.

माझी अडचण अशी होती की त्यांना फ्रेंच येतं की नाही हे तपासणार कोण? गणिताचे सर चुकले तर मला कळतं. इंग्रजीच्या मॅडम चुकल्या तर वर्गातली दोन मुलंच सांगतात. ह्या बाई उद्या काहीही बोलल्या आणि हे फ्रेंच आहे म्हणाल्या, तर नगर जिल्ह्यात त्यांना कोण अडवणार होतं?

पहिल्याच आठवड्यात प्रकार घडला. वसतिगृहातली एक मुलगी मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून डबा खात होती. मी तिला झापलं. ती उभी राहिली, माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "पार्दाँ, ज ने पा काँप्री."

मला वाटलं शिवी दिली. तिला तशीच धरून फ्रेंचच्या वर्गात नेलं. "हे काय शिकवताय तुम्ही पोरांना?"

मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "बोलली? तुमच्याशी बोलली? आपणहून?"

"अर्थ सांगा."

"'माफ करा, मला समजलं नाही.' पहिलं वाक्य हेच शिकवते मी, सर. हे आलं की मुलं पुढचं सगळं विचारायला घाबरत नाहीत."

म्हणजे पोरांना पर्यवेक्षकाला उलटून बोलायला शिकवलं होतं, आणि तेही मला कळणार नाही अशा भाषेत. मी लॉगबुकात लिहिलं, 'शिस्तीकडे लक्ष आवश्यक.'

मग मी त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहू लागलो. जे दिसलं त्याला शिकवणं म्हणायचं का, हे माझं मलाच ठरवता येईना. एके दिवशी वर्गात बाजार भरला होता. बाकांवर कांदे, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या. पैसे म्हणून बाटल्यांची झाकणं. एक पोरगा विकतोय, दुसरी भाव पाडतेय, तिसरा रागावून निघून जातोय, सगळं फ्रेंचमध्ये. ज्या पोराने सहावी-सातवीत माझ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, तो वांगं हातात फिरवून नाक मुरडत होता. शिपायाकडून चौकशी केली तर कळलं की वांगी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आलेली. लिहिलं, 'वसतिगृहाच्या साहित्याचा गैरवापर.'

दुसऱ्या दिवशी पाहतो तर अर्धा वर्ग मैदानात पळतोय. मैदानाच्या टोकाला कडुनिंब आहे, त्याच्या खोडाला एक कागद चिकटवलेला. एक जण पळत जायचा, कागदावरचं एक वाक्य डोक्यात धरायचा, तसाच धापा टाकत परत यायचा आणि जोडीदाराला सांगायचा. जोडीदार ते लिहायचा. वाटेत वाक्य सांडलं तर पुन्हा पळायचं.

"हे शुद्धलेखन आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

"शुद्धलेखन बसून घालतात."

"बसून घातलं की मुलांना झोप येते. मलाही येते."

दरवाजांवर, खिडक्यांवर, माठावर त्यांनी फ्रेंच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. स्वयंपाकघराच्या दारावर तर माझ्याच हस्ताक्षरातल्या सूचनेखाली 'ला क्विझीन' अशी चिठ्ठी लागली. ती सूचना महत्त्वाची होती. मागच्या वर्षी एका मुलाच्या हातावर आमटी सांडली होती, तेव्हा मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही. विद्यार्थी आढळल्यास संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल.' अशा सूचनेखाली असला पोरखेळ मला खपला नाही. चिठ्ठी मी स्वतः फाडली. आठवडाभराने ती पुन्हा लागली. पुन्हा फाडली.

मध्यंतरी माझ्या वर्गातल्या सहा मुलांनी अर्ज दिला, 'आम्हास संस्कृतऐवजी फ्रेंच घेण्याची परवानगी मिळावी.' अर्ज मी टेबलाच्या खणात टाकला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे उघड आहे, पण त्या वेळी मी त्याला शैक्षणिक काळजी असं नाव दिलं होतं.

शेवटी मी एक चलाखी केली. मोबाईलवर बोललेलं मराठीत करून दाखवणारी सोय असते, ती पुतण्याकडून शिकून घेतली. खिडकीबाहेर उभं राहून मॅडमचं बोलणं टिपलं. संडासाच्या मागे जाऊन, इकडेतिकडे बघून, ते मोबाईलला ऐकवलं. पडद्यावर मराठी उमटलं, 'वांगी ताजी आहेत. मला अर्धा किलो द्या. धन्यवाद, बाई. उद्या पुन्हा या.'

बाईंना फ्रेंच येत होतं. खरं सांगतो, माझी घोर निराशा झाली. एवढ्यावर माणसाने थांबावं की नाही? मी थांबलो नाही. संशयाला एक दार बंद झालं की तो दुसरं शोधतो. फ्रेंच येत असेल, पण मुलांना येतंय का? वह्यांमध्ये काय आहे?

वह्या मागवल्या. प्रत्येक मुलाची एक पातळ वही होती. मॅडम तिला 'घरची वही' म्हणायच्या. त्यात चार रकाने आखलेले. तारीख, आजचं वाक्य, कोणाला शिकवलं, घरच्यांची सही. रोजचा गृहपाठ एकच. वर्गात शिकलेलं वाक्य घरातल्या कोणाला तरी शिकवायचं. त्या माणसाने ते म्हणून दाखवलं तरच त्याची सही घ्यायची, नाहीतर नाही. निबंध नाही, दहादा लिहिणं नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. पालकांच्या तक्रारी आल्याच होत्या. पाइपच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "सर, मी पाळी करून घरी जातो, आन् ही पोरगी मला दारातच 'आसेये-वू' म्हन, 'आसेये-वू' म्हन म्हनती. 'बसा' म्हनायचं आसतंय म्हनं ते. म्हनल्याबिगर आत घेत न्हाई." तक्रार करताना ते हसत होते हे मी लक्षात घेतलं नाही.

एकवीस वह्या ठीक होत्या. आईची सही, बापाची सही, आजीचा अंगठा, एका ठिकाणी तर किराणा दुकानदाराचा शिक्का. वसतिगृहातल्या अकरा वह्या मी वेगळ्या काढल्या आणि माझे डोळे चमकले. दिवाळीपर्यंत 'घरच्यांची सही' ह्या रकान्यात अंगठे होते. दिवाळीनंतर अंगठे बंद झाले आणि सही सुरू झाली. अकराही वह्यांत एकच सही, थरथरती, वाचता न येणारी. सुरुवातीला क सारखं काही, पुढे सगळा गुंता आणि खाली एक लांब रेघ. शाई हिरवी. आणि हिरव्या शाईचं पेन सगळ्या शाळेत फक्त मॅडम वापरायच्या.

ज्यांचे आईबाप दसऱ्यालाच ऊसतोडीला निघून गेले, त्या मुलांच्या वहीत डिसेंबर-जानेवारीत घरच्यांची सही येते कुठून? मी लॉगबुक काखेत मारलं आणि मॅडमना बोलावलं.

"ह्या सह्या कोणाच्या?"

त्यांनी वह्या पाहिल्या. "घरच्यांच्या."

"अकरा मुलांचं घर एकच आहे का?"

"हो, सर. सध्या एकच आहे."

मला हा उद्धटपणा वाटला. "नाव सांगा त्या माणसाचं."

"नाव नाही सांगणार. पण सह्या खऱ्या आहेत. तुम्ही कुठल्याही मुलाला उभं करा आणि कुठलंही वाक्य विचारा."

"मुलांचा प्रश्न नाही. सहीचा प्रश्न आहे."

"माझ्यासाठी मुलांचा आहे," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. "सर, माझं नाव लिहा त्यात. मला चालेल."

तेव्हा मला वाटलं, ही कबुलीच झाली. त्या बाईंनी माझ्यासमोर कोणाला तरी पाठीशी घातलं होतं, हे मला दिसायला हवं होतं. मी आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचत आलो आहे, एकमेकांना वाचवणारी पोरं मला शंभर पावलांवरून कळतात. पण मला सही वाचायची होती. मी लिहिलं, 'गृहपाठाच्या वह्यांतील पालकांच्या सह्या एकाच हाताच्या आढळल्या. संबंधित शिक्षिकेचा खुलासा असमाधानकारक.'

त्या दोन ओळींनी काम केलं. संस्थेने नेमणूक वाढवली नाही, फ्रेंच बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मॅडम प्रत्येक दारावरची चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढत फिरत होत्या, रंग निघू नये म्हणून नखाने अलगद. माझ्यासमोर आल्या तेव्हा नेहमीसारखं "बाँजूर, सर," म्हणाल्या. मी नेहमीसारखं "नमस्कार" म्हटलं. वर्षभर हे असंच चालत आलं होतं. त्यांची स्कूटी फाटकाबाहेर गेली तेव्हा अकरा मुलं वसतिगृहाच्या गच्चीवर उभी होती. एकही रडत नव्हतं. फक्त कोणी हात हलवला नाही, एवढंच मला दिसलं.

एप्रिलमध्ये मी वर्षअखेरीचे कागद आवरायला बसलो. वसतिगृहातल्या नोकरांचा हजेरीचा मस्टर माझ्याच खणात असे. दर महिन्याच्या शेवटी त्या पानावर तळाशी मी सही करायचो. वरच्या सह्या कोण बघतो? त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटली आणि हिरवं काही दिसलं.

स्वयंपाकाच्या कौसाबाईंची ती ओळ होती. वसतिगृहात सगळे त्यांना मावशी म्हणतात. पाथर्डीकडच्याच, वयाने साठीला टेकलेल्या, आमच्याकडे बारा वर्षं भाकऱ्या थापत असलेल्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या नावापुढे अंगठे होते. नोव्हेंबरपासून सही. सुरुवातीला क, पुढे गुंता, खाली लांब रेघ. छापलेल्या नावाशेजारी तो गुंता आता मला सरळ वाचता येत होता, 'कौसा'. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, निळ्या शाईत, ठसठशीत, माझी सही. सगळ्या शाळेचे कागद हुंगत फिरलो आणि माझ्याच खणातला, माझ्याच सहीचा कागद मी पाच महिने पाहिला नव्हता.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. दुपारचे चार वाजले असतील. मावशी परातीत पीठ मळत होत्या. मला पाहताच उभ्या राहिल्या.

"मावशी, पोरांच्या वह्यांवर सही तुम्ही करायचा?"

पिठाचे हात त्यांनी पदराला पुसले. दाराकडे, माझ्या सूचनेकडे त्यांची नजर गेली. "कोन म्हनलं?"

"कोणी नाही. मस्टर पाहिला."

मग त्या हळूहळू बोलल्या. "पोरं चारला यायची, सर. आत यायची, खोटं न्हाई बोलत. मॅडमच घिऊन आल्या पयल्यांदा. म्हनल्या, मावशी, बाकीच्यांना घरी आई हाय ऐकायला, ह्यांना कोन हाय? तुमी ऐका. मी म्हनलं, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हनल्या, आईला तरी काय कळतंय? ऐकायचं आन् म्हनून दाखवायचं. मंग मी भाकरी थापता थापता म्हनायची. चुकलं की पोरं हसायची. अकरा जनं, सर, रोज अकरा येळा एकच वाक्य. येतंच की मंग."

"आणि सही?"

"आधी अंगठाच द्यायची. तर पोरं म्हनली, मावशे, आमी तुला परदेशातलं बोलाया शिकवलं आन् तू अंगठा का लावती? दिवाळीत सही शिकवली त्यांनी. पेन मॅडमनी दिलं." त्यांनी कनवटीचं हिरवं पेन काढून दाखवलं, जणू मी ते चोरीचं म्हणणार होतो.

"मग मॅडमनी मला सांगितलं का नाही? एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"कसं सांगतील? तुमीच तर लिवलंय दारावर. पोरगं आत दिसलं तर बाई कमी करू. मी म्हनलं हुतं त्यांना, सांगून टाका, माजं काय व्हईल ते व्हईल. तर म्हनल्या, न्हाई मावशी, मला दुसरी नोकरी मिळंल. तुमाला न्हाई मिळायची ह्या वयात."

मला स्वतःची किळस आली होती. मी मागे वळलो, दारावरची माझी सूचना काढली, घडी करून खिशात घातली, आणि त्याच संध्याकाळी संस्थेला पत्र लिहिलं. माझा शेरा चुकीचा होता, तो मी मागे घेतो, मॅडमना परत बोलवावं. उत्तर आलं की फ्रेंचचा निर्णय झालेला आहे, पुस्तकं दुसऱ्या शाळेला दिली आहेत, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. नोंद घेतली आहे, हे वाक्य मीही लोकांना फार वर्षं ऐकवलं होतं.

पत्ता काढून मॅडमच्या घरी गेलो. कामगारांच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात तुळशीऐवजी मोगरा. वडिलांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं.

"म्हणजे संस्कृतचे सर ना? या, या. ती पुण्याला गेली. तिथंच कंपनीत लागली परत. फोनवर दिवसभर फ्रेंचमधे बोलत असते." त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पाणी आणलं. "तुमच्याबद्दल लई सांगायची. म्हणायची, आबा, माझ्या वर्गात बत्तीस नाहीत, तेहतीस विद्यार्थी आहेत. एक जण रोज खिडकीत उभा असतो. बाकी पोरं दांडी मारतील, पण तो कधी मारत नाही."

ते मोकळेपणाने हसले. मला हसता आलं नाही. मी कशासाठी आलो होतो ते सांगितलं, सगळं, मस्टरसकट. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. बराच वेळ ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. लेथवर काम केलेल्या माणसाची बोटं होती ती, एकाचं टोक गेलेलं.

"तिनं आम्हाला एवढंच सांगितलं होतं की शाळेनं फ्रेंच बंद केलं," ते म्हणाले. "त्यात तुमचं नाव नाही घेतलं कधी. मी सांगतो तिला, सर येऊन गेले म्हणून."

आठ दिवसांनी मोबाईलवर मॅडमचा मेसेज आला. मी लांबलचक काहीतरी अपेक्षिलं होतं, रागाचं किंवा क्षमेचं. एकच ओळ होती. 'मावशींचा गृहपाठ राहिला आहे, सर, तेवढा पूर्ण करून घ्या.'

स्वयंपाकघरात गेलो आणि पीठ मळत असलेल्या मावशींना मेसेज वाचून दाखवला. त्या लाजल्या. मग डाळीच्या डब्यामागून त्यांनी एक पातळ वही काढली. घरचीच वही, चार रकाने आखलेली. मावशींना लिहिता येत नव्हतं म्हणून वाक्यं कुठल्या तरी मुलाने लिहून दिलेली. कोणाला शिकवलं? सुनेला. भाजीवाल्याला. गॅसची टाकी आणणाऱ्याला. प्रत्येकापुढे त्याची त्याची सही. शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं आणि पुढचे दोन रकाने कोरे.

"जायच्या दिवशी मॅडमनी हे नेमून दिलं," मावशी म्हणाल्या. "म्हनल्या, हे सरांना शिकवा. पर माजी छाती झाली न्हाई, सर."

मी वाक्य पाहिलं. पार्दाँ, ज ने पा काँप्री.

"अर्थ माहीत आहे मला," मी म्हटलं.

"अर्थाला कोन इचारतंय? म्हनून दाखवा."

मी म्हटलं. घोगरं, अर्धवट, दातांच्या आत. मावशींनी पिठाचा हात तसाच उचलला आणि तळवा कानामागे धरला. कानाच्या पाळीला पीठ लागलं.

"न्हाई आलं ऐकू. परत म्हना."

मी परत म्हटलं. त्या हलल्या नाहीत. दाराशी कोणीतरी आलं असावं, पावलं वाजली, मग कुजबुज. अकराजण असतील किंवा चार, मी मान वळवून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, मोठ्याने. माझा आवाज फाटला आणि डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा मावशींनी हात खाली घेतला, परातीच्या कडेला पुसला आणि कनवटीचं हिरवं पेन माझ्यापुढे धरलं.

मी सही केली. मावशींनी वही उजेडाकडे धरली, जवळ नेली, लांब नेली, मान तिरकी करून पाहिली. त्या सही करायला शिकल्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

"ही तुमचीच ना, सर?" त्यांनी विचारलं. "वाचता येत न्हाई म्हनून इचारते."

"हो, मावशी," मी म्हटलं. "माझीच आहे."